डोक्यावर स्कॉटलंड, अंगावर नेहमीचे कपडे

एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनातून प्रिन्सेस स्ट्रीटवर यायला ज्या पायऱ्या आहेत, तिथे वारा असा अंगावर येतो की छत्री उघडायचा विचार माणूस सोडून देतो. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात मी गडद निळी बालमोरल, म्हणजे गोंडा असलेली स्कॉटिश लोकरी टोपी घेतली आणि पुढची दोन वर्षं ती कपाटात ठेवली. घालून आरशात पाहिलं की स्नेहसंमेलनाला निघाल्यासारखं वाटायचं. आपण काहीतरी 'वेश' केलाय, ही भावना जायची नाही.

ती घालवली आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी. रोज सकाळी पाव आणायला निघताना त्यांच्या डोक्यावर अगदी तशीच टोपी असे. अंगात पावसाळी जाकीट, खाली कॉर्डरॉयची पँट, हातात कापडी पिशवी. टोपीचा निळा रंग पावसानं विटून करडा झालेला, वरचा लाल गोंडा एकीकडे कललेला. त्यांच्याकडे पाहून कुणाला किल्टची किंवा बॅगपाईपची आठवण झाली नसती. थंडी होती, म्हणून टोपी होती.

त्यानंतर गेली काही वर्षं मी या टोप्या रोज वापरतेय, दुसऱ्यांना घ्यायला मदत करतेय, धुतेय, शिवतेय. या सगळ्यातून एकच गोष्ट पक्की झाली: डोक्यावर स्कॉटलंड असेल तर अंगावर नको. टोपी स्कॉटिश, बाकी सगळं आपलं नेहमीचं. हे एवढं पाळलं तर यातली जवळजवळ प्रत्येक टोपी रोजच्या वापरात येते. खालचं सगळं त्याच्याच तपशिलाचं आहे.

आधी टोपी ओळखा

दुकानात 'स्कॉटिश हॅट' म्हणून जे ढिगानं ठेवलेलं असतं, त्यात चार-पाच वेगवेगळ्या घराण्यांच्या टोप्या असतात. कुठली कशावर शोभेल हे त्या घराण्यावर ठरतं, म्हणून ओळख आधी.

सगळ्यांची आजी म्हणजे निळं बॉनेट. सपाट, गोल, लोकरीचं. एअरशर परगण्यातली किल्मारनॉक आणि स्ट्युअर्टन ही गावं याच धंद्यावर वाढली. स्ट्युअर्टनला आजही 'बॉनेट टाउन' म्हणतात. ही टोपी करायची रीत मला फार आवडते. आधी ती हव्या त्या मापापेक्षा बरीच मोठी विणायची, मग ओली करून बडवत, चोळत आटवायची, इतकी की टाके दिसेनासे होऊन कापड घट्ट नमद्यासारखं व्हावं. अशा लोकरीवर रिमझिम पाऊस थेंबाथेंबानं थांबतो, लगेच आत झिरपत नाही. निळा रंग आधी वोड नावाच्या रोपाच्या पानांचा असे. पुढे नीळ आली आणि वोड मागे पडलं.

बालमोरल ही त्याच बॉनेटची नीटनेटकी नात. कपाळाभोवती घट्ट पट्टी, वर फार पसरट नसलेला माथा, मधोमध गोंडा (तिकडे त्याला 'टूरी' म्हणतात), मागे दोन काळ्या फिती आणि डाव्या बाजूला फितीचं फूल, ज्यावर बिल्ला लावतात. नाव आलंय ॲबर्डीनशरमधल्या बालमोरल वाड्यावरून. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तो १८५२ मध्ये विकत घेतला आणि स्कॉटिश पोशाखाची लाट राजघराण्यात शिरली. पहिलीच टोपी घेत असाल तर हीच घ्या, गडद निळी, पट्टीवर चौकडी नसलेली. स्त्री, पुरुष, तरुण, म्हातारं, सगळ्यांना बसते.

टॅम ओ' शँटर म्हणजे बालमोरलपेक्षा सैल, रुंद माथ्याची, डोक्यावर पसरणारी टोपी. हे नाव रॉबर्ट बर्न्स यांच्या १७९१ मध्ये छापून आलेल्या कवितेच्या नायकाचं. बाजाराच्या दिवशी भरपूर पिऊन टॅम वादळी रात्री घोडीवरून घरी निघतो आणि वाटेत ॲलोवेच्या पडक्या चर्चमध्ये चेटकिणींचा नाच पाहतो. त्या वाऱ्यात तो आपलं चांगलं निळं बॉनेट एका हातानं धरून चाललाय, असं बर्न्स सांगतात. टोपीला त्याचं नाव मिळालं ते बऱ्याच नंतर. त्या रस्त्यावरून ज्यानं टोपी सांभाळत प्रवास केलाय त्याला ती ओळ वाचताना टॅम जवळचा वाटतो. आज ही टोपी बहुधा टार्टन, म्हणजे रंगीत चौकड्यांच्या स्कॉटिश कापडाची मिळते. खाली लाल केसांचा टोप शिवलेली जी मिळते ती फुटबॉलच्या सामन्याची मौज आहे, इथे तिचा विचार करत नाही.

ग्लेनगॅरी मराठी माणसाला समजावायला सगळ्यात सोपी, कारण तिचा सांगाडा गांधीटोपीसारखा आहे: लांबट, पुढून मागे जाणारी घडी, काढली की सपाट होऊन खिशात जाते. फरक असा की ती जाड लोकरी कापडाची, माथ्यावर गोंडा, मागे लोंबत्या फिती. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, त्या सोहळ्याच्या सुमारास ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेल सरदारानं ती प्रचारात आणली असं मानलं जातं. पुढे स्कॉटिश पलटणींनी आणि पाईप बँडांनी ती उचलली. काहींच्या कडेला लाल-पांढरी चौकडीची पट्टी असते. ग्लासगोचे पोलीसप्रमुख पर्सी सिलिटो यांनी १९३२ मध्ये हीच चौकडी काळ्या-पांढऱ्या रंगात पोलिसांच्या टोप्यांवर आणली आणि तिथून ती जगभरच्या पोलिसांकडे गेली. हे एवढ्यासाठी सांगितलं की चौकडी दिसली की बघणाऱ्याच्या मनात वर्दी येते. ग्लेनगॅरी घ्यायची तर चौकडीविना घ्या.

बनिट म्हणजे साधी चपटी कॅप, पुढे छोटी चोच असलेली. खरं तर ती सगळ्या ब्रिटनची, पण स्कॉटलंडच्या कामगारवस्त्यांनी तिला इतकं आपलंसं केलंय की बॉनेटचंच बोली रूप तिचं नाव झालं. सेल्टिक हा फुटबॉल क्लब १९९४ मध्ये ताब्यात घेणारे फर्गस मॅकॅन नेहमी ही कॅप घालत, म्हणून ग्लासगोत त्यांना 'द बनिट' म्हणूनच ओळखत. हॅरिस ट्वीड या जाड लोकरी कापडाची बनिट ही भेट द्यायला सर्वांत निर्धास्त टोपी आहे. जीन्सपासून सुटापर्यंत कशावरही जाते.

फेअर आयल टॅम ही विणलेली, नक्षीची, बेरेसारखी टोपी. फेअर आयल हे ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मधलं चिमुकलं बेट. नक्षीत एकूण रंग कितीही असोत, एका ओळीत दोनच धागे खेळतात. न लागणारा धागा मागून नेतात, त्यामुळे कापड दुहेरी आणि उबदार होतं. १९२० च्या दशकात तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सनी गोल्फ खेळताना फेअर आयल स्वेटर घातला आणि ही नक्षी शहरांत पोचली.

दोन चोची आणि कानपट्ट्यांची डीअरस्टॉकर मात्र डोंगरासाठी ठेवा. शहरात ती घातली की समोरच्याला शेरलॉक होम्सच दिसतो, कपडे कितीही साधे असले तरी.

माप घेताना

शिवणकामाची टेप भुवयांच्या वर साधारण २ सेंटिमीटरवर ठेवा, कानांच्या वरून मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. टेप आणि कपाळ यांच्यात एक बोट सहज जावं. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. ब्रिटिश मापात ५७ सेंटिमीटर म्हणजे ७ नंबर, ५८ म्हणजे सात आणि सव्वासात यांच्या मधोमध, अर्थात ७ पूर्णांक १/८, आणि ५९ म्हणजे सव्वासात. अमेरिकी नंबर त्याहून एक अष्टमांश मोठा असतो, त्यामुळे परदेशातून मागवताना नंबर न पाहता सेंटिमीटर पाहा.

अंबाडा घालणाऱ्यांनी केस नेहमी जसे बांधता तसेच बांधून माप घ्यावं. अंबाडा मानेजवळ खाली असेल तर बालमोरल आणि बनिट अडत नाहीत. उंच बांधला तर फक्त टॅम चालते, कारण तिच्या सैल माथ्यात तो मावतो. चष्मा असेल तर काड्या टोपीच्या पट्टीखालून जाताहेत ना ते घालूनच बघा, नाहीतर तासाभरात कानामागे दुखायला लागतं.

दोन मापांच्या मधे अडलात तर बालमोरल आणि ग्लेनगॅरी मोठी घ्या. आतल्या घामपट्टीमागे फेल्टची पातळ पट्टी सरकवून माप कमी करता येतं. बालमोरलच्या मागच्या फिती मुळात त्यासाठीच असत: ओढून बांधल्या की टोपी आवळली जाई. विणलेली टॅम ताणते, ती लहान घेतली तरी चालेल.

घेताना काय पाहायचं

एडिंबराच्या रॉयल माईलवर दर दहा पावलांवर टोप्या टांगलेल्या असतात. त्यातल्या पुष्कळशा ॲक्रिलिकच्या. वाईट म्हणून नाही, पण त्यांना उब कमी, घाम जास्त, आणि धुतल्यावर बोंडं धरतात. आधी आतलं लेबल वाचा. लोकर किती टक्के, अस्तर कशाचं, शिवण आतून बंद केलीय का. मग टोपी मुठीत दाबून सोडा. चांगली लोकर सावकाश पण पूर्ण उघडते, सुरकुती ठेवत नाही. बालमोरल उजेडासमोर धरा. टाक्यांमधून उजेड दिसला तर ती नीट आटवलेली नाही, पहिल्या पावसात लोंबेल.

हॅरिस ट्वीडच्या बाबतीत गोष्ट सोपी आहे. १९९३ च्या कायद्यानुसार हे नाव त्याच कापडाला लावता येतं, ज्याची लोकर आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवली आणि कातली गेली, आणि जे तिथल्या माणसांनी आपल्या घरी हातमागावर विणलं. त्यावर गोल आणि क्रॉस असलेलं 'ऑर्ब' चिन्ह असतं. ते नसेल तर कापड चांगलं असू शकेल, पण हॅरिस नव्हे.

वापरलेल्या कपड्यांची दुकानं आणि धर्मादाय दुकानं जरूर पाहा. जुन्या बालमोरलची लोकर बहुधा नव्यापेक्षा जाड असते. फक्त कसरीची भोकं आणि घामपट्टीचा वास तपासा. भोक बुजवता येतं, वास बहुतेक वेळा जात नाही.

डोक्यावर बसवणं

खरी मेख इथे आहे. कपडे कितीही बरोबर असले तरी टोपी चुकीची बसली की सगळं बिघडतं. आपल्याकडे पगडी, फेटा, गांधीटोपी, प्रत्येकाची बसायची आपली जागा असते आणि ती एका बोटानं हलली तरी जाणत्याला कळतं. इथेही तसंच.

बालमोरल अशी घाला. फितींची बाजू बरोबर मागे, मानेच्या मध्यावर. दोन्ही हातांनी पट्टी धरून टोपी पुढून मागे ओढा, आणि पट्टी भुवयांच्या वर दोन बोटांवर आडवी, सरळ राहू द्या. आता पट्टी न हलवता फक्त माथ्याचं कापड उजवीकडे आणि किंचित मागे ओढा. उजवी कड कानाच्या टोकाशी यावी, डावी बाजू उभी राहून बिल्ल्याची जागा डाव्या डोळ्याच्या वर, कानशिलाकडे दिसावी. नवशिक्याची चूक एकच असते: माथा चारी बाजूंना सारखा पसरून राहतो आणि टोपी तव्यावरच्या घावनासारखी दिसते.

नवी बालमोरल ऐकत नाही, तिला शिकवावं लागतं. स्प्रेच्या बाटलीनं माथा ओलसर करा, ओलाचिंब नको. डोक्यावर घालून उजवीकडे ओढा, तळव्यानं चेपा, आणि घरातच तासभर घालून बसा. चार-पाच वेळा केलं की कापड वळण धरतं. फिती लांब असतील तर मागे साधी गाठ मारून बोटभर टोकं ठेवा, किंवा टोकं आत दुमडून टाका घाला. रोजच्या वापरात लोंबत्या फिती गळपट्ट्यात अडकतात.

ग्लेनगॅरी घालताना आधी तिची घडी अंगठ्यांनी पूर्ण उघडा. पुढचं टोक नाकाच्या रेषेत ठेवून घाला, मग सगळी टोपी एकसंध उजवीकडे कलवा, इतकी की उजवी कड उजव्या भुवईच्या वर एका बोटावर येईल. गांधीटोपीच्या सवयीनं आपण ती सरळ आणि खोल दाबतो. तसं केलं की माथ्यावरची चीर बंद होते आणि गोंडा आत बुडतो. ती कललेलीच हवी.

बनिटला फारसं काही नाही. मागून घाला, पुढे ओढा, चोच भुवयांच्या जरा वर. उलटी घालू नका.

टॅमची पट्टी कपाळावर न आणता केसांच्या रेषेवर ठेवा, माथा मागे आणि एका बाजूला सोडा. टिकली लावत असाल तर पट्टी आणि टिकली यांच्यात दोन बोटं अंतर राहतं, चेहरा मोकळा दिसतो. जोराच्या वाऱ्यात दोन्ही कानांच्या वर एकेक काळा आकडा आतून पट्टीला लावा. कवितेतल्या टॅमसारखी टोपी एका हातानं धरून चालायची पाळी येत नाही.

कपडे कुठले

सुरुवात वजनापासून करा, रंग नंतर. लोकरी टोपीला खांद्यावर तोलाचं काहीतरी लागतं: कोट, जाड स्वेटर, डेनिमचं जाकीट, निदान गळपट्टा. पातळ टीशर्टवर ती तरंगते, जणू दुसऱ्याच माणसाची. म्हणून आरशासमोर आधी वरचं जाकीट घाला, मग टोपी.

निळ्या बालमोरलसोबत माझे ठरलेले रंग करडा, शेवाळी, तपकिरी आणि मोहरी. गडद जीन्स, करडा स्वेटर, शेवाळी पावसाळी जाकीट एवढ्यावर मी आठवड्यातले चार दिवस काढते. गोंडा लाल असेल तर अंगावर दुसरं लाल नको. तो एक लाल ठिपका पुरेसा असतो. ऑफिसला काळ्या किंवा करड्या लांब कोटावर ती सहज जाते.

टार्टन टॅम घातली तर बाकी सगळं एकरंगी, अपवाद नाही. टार्टन टोपी आणि टार्टन गळपट्टा दोन्ही एकदम घातलेत की दुकानाच्या खिडकीतला पुतळा दिसतो, मग दोन्हींचा टार्टन एकच का असेना. फेअर आयललाही हेच लागू. तिच्यातला सर्वांत कमी वापरलेला रंग शोधा, तो स्वेटरला किंवा मोज्यांना द्या.

ट्वीडच्या बनिटवर त्याच ट्वीडचं जाकीट घालू नका. हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या विणीची) कॅप असेल तर जाकीट साधं, जाकीट चौकड्यांचं असेल तर कॅप साधी.

ग्लेनगॅरीबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. धातूची बटणं असलेला ब्लेझर, बंदगळा, खाकी, खांद्यावर पट्ट्या असलेला शर्ट, यातलं काहीही ग्लेनगॅरीखाली आलं की ती गणवेश होते. बीटिंग रिट्रीटला आपल्या लष्कराचे पाईप बँड पाहिलेत ना, नजर तिथेच जाते. नेहमीच्या वापरात तिला उलट दिशेला न्या: गळ्याशी सैल स्वेटर, डेनिमचं जाकीट, बटणं न लावलेला लांब कोट. एका मैत्रिणीच्या मुलाला मी काळी ग्लेनगॅरी मोहरी रंगाच्या जाड स्वेटरवर घालायला लावली. तो कॉलेजला तशीच घालून जातो आणि कुणीही त्याला ढोल कुठे ठेवलास असं विचारत नाही.

आता आपले कपडे. कुर्ता आणि जीन्सवर लोकरी कोट असेल तर बालमोरल उत्तम जाते, कारण कुर्त्याची उभी रेषा आणि टोपीची तिरकी रेषा एकमेकींना पूरक आहेत. खादीच्या साध्या जाकिटावर बनिट घाला. साडीवर मी फेअर आयल टॅम घालते, वर लांब कोट; साडीच्या काठातला एक रंग टोपीत सापडला पाहिजे, एवढीच अट. भरजरी काठ आणि लोकर मात्र जमत नाही, तो प्रयत्न मी करून पाहिलाय.

महाराष्ट्रात घालायची म्हटलं तर खरं सांगायला हवं: मुंबईच्या दमट हवेत लोकरी टोपी नकोच. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे फिरायला जाताना, महाबळेश्वरला, नाशिकच्या थंडीत बनिट किंवा टॅम सुखाची आहे, तीही ऊन चढेपर्यंत. एरवीसाठी लिननची बनिट घ्या.

बिल्ला, पिसं आणि मान

टोपीच्या डाव्या बाजूचं फितीचं फूल रिकामं ठेवलं तरी काही बिघडत नाही. पण बिल्ला लावणार असाल तर त्याची भाषा माहीत हवी, कारण स्कॉटलंडमध्ये ती अजून जिवंत आहे.

पट्टा आणि बकल यांच्या वर्तुळातलं चिन्ह हे एखाद्या क्लॅनच्या, म्हणजे कुळाच्या, प्रमुखाचं शिरचिन्ह असतं. त्या क्लॅनची माणसं पट्ट्यासकट ते वापरतात, म्हणजे 'मी यांच्या बाजूचा' असं सांगतात. पट्ट्याशिवायचं चिन्ह खुद्द प्रमुखाचं. गरुडाची तीन पिसं क्लॅनप्रमुखाची, दोन शाखाप्रमुखाची, एक ज्याच्या नावे राजमान्य कुलचिन्ह आहे त्याचं. कुलचिन्हांचा अधिकार लॉर्ड लायन या पदाकडे आहे आणि त्याला कायद्याचा आधार आहे. शोभेसाठीसुद्धा गरुडाचं पीस खोचू नका.

पलटणीचे बिल्ले आणि तुरे तर कधीच नाहीत. ब्लॅक वॉच पलटणीचा लाल तुरा ज्यांनी कमावलाय, ते आणि त्यांच्या घरचे लोक तुमच्याशेजारी बसमध्ये बसलेले असू शकतात. जुन्या बाजारात असे बिल्ले सहज मिळतात. मिळतात म्हणून लावायचे नसतात. पांढऱ्या फितीचं फूल १७४५ च्या उठावातल्या जॅकोबाइटांचं, म्हणजे राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या बाजूच्यांचं. आज त्यावर कुणी भांडत नाही, तरी आपण काय लावलंय ते ठाऊक असावं. काळं फूल बिनधास्त ठेवा.

मग आपण काय लावायचं? थिसल या काटेरी रोपाचं फूल चालतं, ते सगळ्या देशाचं आहे. माझ्या बालमोरलवर चांदीची कुयरी आहे, आईच्या जुन्या ब्रोचची. लावली तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं. नंतर लक्षात आलं की ग्लासगोजवळच्या पेस्ली गावानं एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या नकला इतक्या विणल्या की इंग्रजीत कुयरीचं नावच 'पेस्ली' पडलं. त्या टोपीवर कुयरी परकी नाही.

घरात, चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावर पुरुषांनी टोपी काढायची असा तिथला जुना रिवाज. स्त्रियांना सूट असते. अंत्ययात्रा जाताना बनिट काढून उभे राहणारे म्हातारे आजही दिसतात.

जपणूक

केसांना तेल लावलेलं असेल त्या दिवशी लोकरी टोपी घालू नका. खोबरेल अस्तरातून लोकरीत जातं, त्यावर धूळ बसते, आणि तो डाग बाहेरून दिसायला लागतो तोवर उशीर झालेला असतो. घालायचीच असेल तर आत सुती रुमाल बांधा.

बॉनेट ज्या रीतीनं तयार होतं ती आठवा: पाणी, उष्णता, घासणं. धुताना याच तीन गोष्टी टाळायच्या, नाहीतर टोपी पुन्हा आटेल आणि नातवाला द्यावी लागेल. साध्या थंड पाण्यात रिठ्याचं पाणी मिसळा, टोपी दहा मिनिटं बुडवून ठेवा, दाबून दाबून मळ काढा. चोळू नका, पिळू नका. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. बालमोरल आणि विणलेली टॅम यांच्यापुरतंच हे. ग्लेनगॅरी आणि ट्वीडची बनिट यांच्या आत ताठ थर असतो, चोचीत कधी पुठ्ठाही असतो. त्या ओल्या कापडानं पुसा, ब्रश करा, फार तर ड्रायक्लीनला द्या.

वाळवताना आकार द्यायचा. बालमोरलसाठी डोक्याच्या मापाचं पातेलं उपडं ठेवून त्यावर टोपी बसवा, माथा उजवीकडे ओढून. टॅमसाठी शेटलंडच्या बायका करतात तेच करा: साधारण २६ सेंटिमीटरची जेवायची ताटली आत सरकवा, माथा त्यावर ताणून बसतो, पट्टी सैल लोंबू द्या. सावलीत, रेडिएटरपासून आणि उन्हापासून लांब.

कसर हा लोकरीचा खरा शत्रू. ठेवण्याआधी टोपी स्वच्छ हवीच, कारण अळ्यांना घामट, मळकी लोकर जास्त आवडते. सुती पिशवीत, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासोबत ठेवा आणि पाला दर दोन-तीन महिन्यांनी बदला. जुन्या बाजारातून आणलेली टोपी आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, मगच बाकीच्या कपड्यांजवळ न्या. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत बुरशीची भीती जास्त, तिथे कोरड्या दिवशी महिन्यातून एकदा बाहेर काढून हवा द्या.

गोंडा सैल होणारच, सगळ्यांचा होतो. तो पडायच्या आत पाहा: माथ्याच्या आतून जाड धागा काढून गोंड्याच्या पोटातून चार ठिकाणी टाके घ्या आणि आत बटण ठेवून त्यावर गाठ मारा, म्हणजे लोकर फाटत नाही. गोंडा हरवला तर त्याच रंगाची लोकर शोधत बसू नका. आमच्या आजोबांच्या टोपीवरचा गोंडा जवळून पाहिला तेव्हा कळलं, तो दोनदा बदललेला होता, आणि दोन्ही वेळा मिळाली ती लाल लोकर वापरलेली.